एकदंडी संप्रदाय

सणासुदीच्या, निवडणुकीच्या किंवा नुसत्याच हवा तापल्याच्या दिवसांत १९५१ च्या पोलीस अधिनियमातील कलम ३७ अन्वये जो मनाई हुकूम आपल्या राज्यात निघतो, त्यात तलवारी, भाले, सुरे आणि बंदुका यांच्याच पंगतीला सोटे, काठ्या व लाठ्या यांनाही मानाने पाट मांडलेला असतो. आणि एवढ्यानेही कोणी सुटू नये म्हणून, शारीरिक इजा करण्याच्या कामी येईल अशी कोणतीही वस्तू, असे एक ऐसपैस शेपूट शेवटी जोडलेले असते. छायाचित्रणाची तिपाई खांद्यावर टाकून हिंडणाऱ्या गृहस्थास हा हुकूम वाचून चिंता करण्याचे कारण पडत नाही, कारण ती उगारण्यापूर्वी तिचे तिन्ही पाय एकत्र आवळून धरावे लागतात आणि तोवर बहुधा भांडण मिटलेले असते. परंतु ज्याच्या हाती मोनोपॉड आहे त्याची स्थिती नाजूक आहे. हे साधन मिटवले असता दंडुका दिसते, उघडले असता लाठी दिसते, आणि त्याच्या माथ्यावर जो पाव इंची आट्यांचा स्क्रू असतो तो कॅमेऱ्यासाठी आहे, कपाळमोक्षासाठी नव्हे, हे पटवून देण्याची सर्व जबाबदारी बाळगणाऱ्यावर येऊन पडते. उलटपक्षी पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित वास्तूंत तिपाई न्यायची तर पूर्वपरवानगीचा कागद लागतो, आणि तेथे हाच एकपायी दांडा, दारावरच्या पहारेकऱ्याची नजर कनवाळू असेल आणि आपल्याला थोडेसे लंगडता येत असेल तर, म्हाताऱ्याची काठी म्हणून सुखरूप आत जाऊ शकतो. एकाच सरकारच्या एका खात्याने ज्यात शस्त्र पाहावे आणि दुसऱ्या खात्याने व्यंग पाहावे, अशी वस्तू जवळ बाळगणाऱ्याचा स्वभाव कालांतराने खुलासे देण्याचा बनतो.

वस्तू म्हणून पाहू गेल्यास तिच्यात फारसे काही नाही. एकात एक सरकणाऱ्या चार-पाच नळ्या, प्रत्येक सांध्यावर एक चाप, तळाशी रबरी बूट, मनगटात अडकवायला एक पट्टा आणि माथ्यावर तो स्क्रू, एवढाच तिचा संसार. उंची वाढवायची झाल्यास जाड नळी आधी उघडावी आणि सर्वांत बारीक नळी अगदीच निकड पडल्याशिवाय बाहेर काढू नये, कारण नळी जितकी बारीक तितकी ती अधिक लवते. हा नियम कचेरीतील उतरंडीलाही लागू पडतो असे मला वाटते, पण तो विषय येथे नको. या साधनाचा खरा स्वभाव ध्यानात येतो तो त्यावरचा हात काढल्यावर. तिपाई ही स्वयंपूर्ण संस्था आहे. ती एकदा मांडली की छायाचित्रकाराची गरज जवळजवळ संपते, आणि तो बाजूस जाऊन चहा पिऊ शकतो किंवा दुसऱ्याच्या चित्रांना नावे ठेवू शकतो. मोनोपॉडला हा कारभार मंजूर नाही. त्याच्यापाशी एक पाय असतो. उरलेले दोन मालकाने स्वतःचे घालायचे असतात. दांडा किंचित पुढे रोवावा, आपले दोन पाय मागे फाकवावेत, कोपरे बरगड्यांशी टेकवावीत आणि अंगाचा थोडासा भार दांड्यावर सोडावा, म्हणजे जी त्रिपाद आकृती सिद्ध होते तिच्यात दोन-तृतीयांश भांडवल मनुष्याचे असते. भागीदाराने हात काढून घेताच ही पेढी बुडते, आणि कॅमेरा जमिनीवर येतो.

आपल्याकडील संन्याशांत एकदंडी आणि त्रिदंडी असे दोन पंथ फार प्राचीन काळापासून आहेत. शंकराचार्यांच्या परंपरेतले यती हाती एकच दंड धरतात, तर रामानुजांच्या परंपरेतले यती तीन दंड एकत्र बांधून बाळगतात. छायाचित्रकारांतही नेमके हेच दोन संप्रदाय असून त्यांच्यातील वाद मूळच्या वादाइतकाच कडवा आहे. त्रिदंडी म्हणतात की तिन्ही पाय परस्परांहून भिन्न असले तरी कॅमेऱ्याच्या ठायी ते एकत्र येतात आणि तेथेच शाश्वत स्थैर्य लाभते. एकदंडी म्हणतात की दांडा, मनुष्य आणि कॅमेरा यांत द्वैत असे मुळी नाहीच, आणि ज्याला ते भासते त्याचे चित्र हलते. या वादात तिसराही एक पक्ष आहे, तो हातानेच चित्रे काढणाऱ्यांचा. त्याला चार्वाक म्हणावे असा माझा प्रस्ताव आहे, कारण अधिक किमतीचे भिंग ऋण काढून घ्यावे आणि त्यातील कंपनविरोधी यंत्रणेवर भरवसा ठेवून सुखाने जगावे, एवढेच त्याचे दर्शन आहे.

दीक्षा घेण्यासाठी मी मुंबईच्या फोर्ट भागातील बोरा बाजारात गेलो, जेथे कॅमेरे आणि त्यांची गोतावळ यांचा बाजार पूर्वापार भरत आला आहे. मोनोपॉड हवा म्हणताच दुकानदाराने क्षणाचाही विलंब न लावता सेल्फी काढण्याचा गुलाबी दांडा पुढे केला, आणि त्यात त्याचा दोष होता असे म्हणता येणार नाही, कारण मध्यंतरी या सेल्फीदांड्यांची जी साथ देशभर पसरली होती तिच्यात त्यांच्या खोक्यांवर सर्रास मोनोपॉड असेच छापलेले असे. दोन्ही दांड्यांचे मूळ एक, पण चालरीत विरुद्ध: एक कॅमेऱ्याला मालकापासून दूर नेऊन पुन्हा मालकाकडेच वळवतो, दुसरा कॅमेऱ्याला मालकाच्या डोळ्याशी जखडून मालकाखेरीज उरलेल्या सर्व जगाकडे पाहायला लावतो. हा भेद मी दुकानदारास सविस्तर समजावून दिला. त्याने तो शांतपणे ऐकून घेतला आणि विचारले, “म्हणजे ब्लूटूथ नको?”

मनुष्य स्वतःला स्थिर समजतो ती समजूत ४०० मिलिमीटरचे भिंग डोळ्याला लावीपर्यंतच टिकते. त्यातून पाहताच कळते की आपली छाती श्वासागणिक वर-खाली होत आहे, नाडीचा प्रत्येक ठोका बोटांपर्यंत जाऊन पोहोचत आहे, आणि ज्या दंडांच्या भरवशावर आपण हे दीड-दोन किलोंचे ओझे उचलले ते दंड अर्ध्या मिनिटातच राजीनाम्याची भाषा बोलू लागले आहेत. जुन्या जाणत्यांनी यासाठी एक ठोकताळा घालून दिला आहे तो असा, की भिंगाची फोकल लेंग्थ जितके मिलिमीटर असेल, एका सेकंदाचे निदान तितके भाग पाडून त्यातील एका भागापुरताच शटर उघडा ठेवावा. म्हणजे ४०० च्या भिंगाला १/४०० सेकंद. भर उन्हात हे परवडते, परंतु पक्षी आणि नर्तक या दोन्ही जातींचे प्राणी आपले उत्तम कार्यक्रम नेमके दिवेलागणीस ठेवतात. येथे दांडा कामास येतो. भिंगाचा भार जमिनीकडे वर्ग होतो, वर-खाली होणारी हालचाल जवळजवळ थांबते, आणि साधारणतः दोन ते तीन स्टॉपची सूट मिळून तेच चित्र १/१०० किंवा सरावलेल्या हाती १/५० सेकंदालाही स्वच्छ येऊ शकते. डावी-उजवीकडे वळण्याची मोकळीक मात्र शिल्लक राहते, आणि म्हणूनच क्रिकेटच्या सीमारेषेपलीकडे भली दांडगी भिंगे घेऊन बसलेली वृत्तछायाचित्रकार मंडळी याच दांड्याचा आश्रय करतात. चेंडू जिकडे जाईल तिकडे त्यांना भिंग फिरवता येते आणि त्याचे ओझे सामना संपेपर्यंत मैदान सोसते. पुढे-मागे झुकण्यावर या साधनापाशी पुरता इलाज नाही. तो मालकाच्या पायांनी आणि त्याने धरलेल्या श्वासाने करायचा असतो.

एका पायाची ही महती आपल्या पूर्वजांस अवगत होतीच. तपस्वी एका पायावर उभे राहत, आणि भागवतातील धर्मरूपी बैलाचे तप, शौच व दया हे तीन पाय मोडून कलियुगात सत्य हा एकच पाय उरतो असे सांगितले आहे; तेव्हा छायाचित्रासारख्या पुराव्याच्या वस्तूने याच युगात एका पायाचा आधार घ्यावा हे शास्त्राला धरूनच झाले. राहता राहिला बगळा. त्याचे चित्र काढण्यासाठी मी मोनोपॉड घेऊन डहाणू-तलासरीच्या मुलखात गेलो, आणि अच्छाडला उतरलो.

मुंबई-अहमदाबाद महामार्गावर महाराष्ट्र जेथे संपतो ते हे अच्छाड. मालमोटारींच्या रांगा, त्यांच्या चाकांची हवा पाहणारी पोरे, काठियावाडी जेवणाच्या पाट्या, आणि मराठी व गुजराती या दोन्ही लिप्यांत सारख्याच चुका करणारे फलक, हे सरहद्दीचे सर्व वैभव येथे आहे. या टापूतील गावांनी आपली जागा कधी सोडली नाही. सरकारेच त्यांच्या अवतीभोवती फिरत आली. १ मे १९६० रोजी उंबरगाव गुजरातेत गेले आणि अलीकडे राहिलेल्या गावांचा तलासरी महाल झाला. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्हा दुभंगून ती पालघर जिल्ह्यात आली. सरहद्दीपलीकडे दारूबंदी आहे आणि अलीकडे ती नाही, या राजकीय वस्तुस्थितीचा परिणाम संध्याकाळच्या सुमारास रस्त्याच्या कडेने उत्तरेकडे परतणाऱ्या काही गृहस्थांच्या चालीवर स्पष्ट दिसत असतो, आणि त्यांपैकी एकाने माझ्या हातातील दांड्याकडे ज्या असूयेने पाहिले तशी असूया मी कोणा छायाचित्रकाराच्या डोळ्यांतही पाहिलेली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका भातखाचराच्या बांधावर मी दांडा उघडला, रबरी बूट चिखलात बुडू नये म्हणून त्याखाली एक चपटा दगड सरकवला, भिंगाच्या कड्याला दांडा जोडला (तो कॅमेऱ्याला जोडू नये, कारण तसे केल्यास सगळे वजन पुढे ओढते आणि कॅमेऱ्याच्या बुडाशी तंटा सुरू होतो), आणि श्वास अर्धा सोडून बगळ्याची वाट पाहू लागलो. बगळ्याआधी माणसे आली. प्रथम एक गुराखी पोरगा, मग डोक्यावर भारे घेतलेल्या दोन बाया, मग लंगोटीवर सदरा घातलेला एक म्हातारा. आणि सर्वजण माझ्याकडे न पाहता दांडा ज्या रेषेत रोखलेला होता त्या रेषेकडे, म्हणजे समोरच्या शेतांकडे पाहू लागले. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग म्हाताऱ्याने विचारले,

“साहेब, रस्ता कुठून जाणार?”

“रस्ता नाही बाबा. फोटो काढतोय.”

“कसला?”

“त्या बगळ्याचा.”

बाबांनी बगळ्याकडे निरखून पाहिले. “म्हणजे त्याची पण जागा गेली?”

हा प्रश्न चेष्टेचा नव्हता, आणि तो समजण्यासाठी या मुलखाचा नकाशा थोडा आठवावा लागतो. महामार्ग तर छातीवरूनच गेलेला आहे. त्यानंतर मालगाड्यांची स्वतंत्र लोहवाट आली, मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग आला, मुंबई-अहमदाबाद अशी ५०८ किलोमीटरची बुलेट ट्रेन यायची ठरली, आणि यांपैकी प्रत्येकाच्या आगमनाची वर्दी एकाच रीतीने आली: अनोळखी, पँट घातलेला, टोपीवाला एक मनुष्य सकाळच्या प्रहरी बांधावर येतो, हातातील दांडा उभा करतो, एक डोळा मिटतो आणि काही न बोलता निघून जातो. ज्या तालुक्यातील झरी गावच्या सभेत १९४५ साली वारल्यांनी जमीनदारांची वेठ करण्यास नकार दिला आणि गोदावरी परुळेकरांच्या साथीने आपली जमीन आपली म्हणायला आरंभ केला, तेथील म्हाताऱ्यांना दांडेवाल्या माणसाचा संशय येणे हा अडाणीपणा नसून दफ्तरी अनुभव आहे.

शिवाय संशयाला तांत्रिक आधारही भक्कम होता. गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन साहेबांनी १८३५ च्या सुमारास इंदापुराकडे मुंबई इलाख्याच्या जमीन-मोजणीची घडी बसवण्यास प्रारंभ केल्यापासून आजतागायत मोजणी खात्याचा इतिहास हा पायांच्या संख्येचाच इतिहास आहे. शंकूसाखळीच्या मोजणीतला शंकू हा एका काठीच्या माथ्यावर बसवलेला लाकडी ठोकळा, म्हणजे अस्सल एकदंडी. मग फलकयंत्र आले, ते तिपाईवर. मग ईटीएस यंत्र, तेही तिपाईवर. आणि आता उपग्रहांशी संधान बांधणारा जो रोव्हर आला आहे तो पुन्हा एका उभ्या दांड्याच्या टोकावर बसलेला असतो. म्हणजे खाते फिरून मूळ अद्वैतमतावर आले आहे. रोव्हर लावलेला दांडा आणि लांब भिंग लावलेला माझा दांडा हे शंभर पावलांवरून पाहिले असता मोजणी कामगारालाही वेगळे ओळखता आले नसते, मग बाबांना दोष काय म्हणून द्यावा?

खुलाशाचा सर्वांत सोपा मार्ग म्हणून मी बाबांना भिंगातून बगळा दाखवला. त्यांनी तो पाहिला, आणि लगेच भिंग सोडून दांड्याची तपासणी आरंभली. तो त्यांनी कॅमेऱ्यासह उचलून तोलला, नखाने वाजवला, चाप उघडून पाहिला, बारीक नळी आत सरकलेली पाहून मान हलवली आणि निवाडा दिला की पोकळ आहे, याने साप मरायचा नाही. मग त्यांनी स्वतःची काठी पुढे रोवली, एक पाऊल उचलून दुसऱ्या गुडघ्यावर ठेवले, दोन्ही तळवे काठीच्या टोकावर एकावर एक ठेवून त्यांवर हनुवटी टेकली, आणि मी बगळ्यामागे लागलेला असताना तेथेच तसे उभे राहिले. मी घरी येऊन चित्रे मोठी करून पाहिली तेव्हा आढळले की दर चौकटीत बगळा थोडा तरी हललेला आहे, पण कडेला चुकून आलेल्या बाबांच्या सदऱ्याचे बटण प्रत्येक चित्रात एकाच ठिकाणी, धाग्यासकट स्पष्ट आहे.

त्या रात्री पाड्यावर तारपा होता. भातकापणी आटोपत आलेली, अंगण शेणाने सारवलेले, आणि उजेडाच्या नावाने विजेचा एकच पिवळा गोळा. वाळलेल्या दुधी भोपळ्याला बांबूच्या नळ्या आणि पुढे ताडाच्या पानांचा कर्णा जोडून केलेले ते वाद्य वाजवणारा मध्ये, आणि एकमेकांच्या कमरेला विळखे घालून त्याच्याभोवती फिरणारी तरुण पोरापोरींची रांग. फ्लॅश मारणे हा अशा वेळी फौजदारी गुन्हा मानला जावा असे माझे मत असल्याने दांड्यावरच भिस्त होती. पण रांगेच्या पुढे जो नायक असतो त्याच्या हातीही एक काठी असते, घुंगरांची, आणि ती तो तालावर जमिनीत अशा जोमाने आपटतो की तो ठोका अंगणातून रबरी बुटात, बुटातून चारही नळ्यांत आणि तेथून थेट माझ्या डोळ्याच्या खोबणीत येऊन पोहोचत होता. दोन काठ्यांच्या या दाव्यात माझ्या बाजूने एकच तोड निघण्यासारखी होती, ती म्हणजे दोन ठोक्यांच्या मधल्या फटीत बटण दाबणे. आणि त्यासाठी ताल मोजणे प्राप्त झाले, ताल मोजता मोजता टाच उचलू लागली, टाचेमागून गुडघा, आणि ज्या तीन पायांवर छायाचित्रणाचे शास्त्र उभे होते त्यांपैकी दोन नाचू लागले. १/१५ सेकंदाच्या त्या चित्रांत तारपावाला तेवढा शाबूत आला आहे, नाचणाऱ्यांचे पांढरे पट्टे झाले आहेत. हा दांडा धरणाऱ्याला स्थिर करतो, नाचणाऱ्यांना नाही, हे पुस्तकांत लिहिलेले असते. डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा मशे, ज्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, त्यांच्यासारख्या वारली चित्रकारांनी याच नाचाचा सबंध वेढा तांदळाच्या पिठाने रंगवला आहे. त्यातील माणसे दोन त्रिकोणांच्या टोकांवर तोललेली असतात, सारखी फिरत असतात, आणि एकही हललेले नसते. पण त्यांच्या हाती बांबूची काडी होती, माझ्या हाती परदेशी बनावटीचे भिंग होते, तेव्हा तुलना न्याय्य होणार नाही.

पहाटे निघण्याच्या तयारीत असता बाबा दारात उभे. त्यांचा सबंध खुलासा झालेला होता, मी मोजणीवाला नाही हे त्यांना मान्य होते, परंतु त्यांची एक साधी अर्जी होती: आलोच आहे तर त्यांचा तुकडा तेवढा मोजून द्यावा, कारण शेजाऱ्याने दरसाल थोडा थोडा करून बांध कोरला आहे. मोजणी मला येत नाही असे सांगितल्यावर त्यांनी मागणी कमी करून फोटोवर आणली. मी कॅमेरा हाती घेऊन बांधाशी वाकलो, तर त्यांनी हात धरला. काठी लावूनच काढायचा. हातातला फोटो कचेरीत चालायचा नाही. मी काठी लावली. इतक्यात बातमी लागून शेजारी आला, आणि भांडण होईल या धास्तीने मी दांडा मिटवू लागलो (मिटवला की तो दंडुका दिसतो, हे त्या क्षणी विसरलो होतो असे नाही), तेव्हा त्याने अदबीने विचारले की साहेब, माझ्या बाजूनेही एक, तशीच काठी रोवून. त्याच्याही बाजूने एक झाला. दोघांनी दोन्ही चित्रे मागच्या पडद्यावर पाहिली आणि प्रथमच एकमेकांशी सहमत झाले: यात काठी दिसत नाही.

काठी कॅमेऱ्याच्या खाली असते, म्हणून ती चित्रात येऊ शकत नाही, हा युक्तिवाद त्या बांधावर टिकला नाही. शेवटी कॅमेरा सोडवून घेऊन मी खाचराच्या दुसऱ्या टोकाला गेलो, दोघांनी बांधाच्या दोन अंगांना उभे राहून मोनोपॉड मध्ये धरला, आणि अपुऱ्या उजेडात, ते लांब भिंग नुसत्या हातांवर पेलून, मी मोनोपॉडचे चित्र काढले. ते अर्थातच हलले. बांध कोठे संपतो आणि शेत कोठे सुरू होते याचा त्यात पत्ता लागत नाही, दोन्ही फिर्यादींची तोंडेही ओळखू येत नाहीत, पण काठी आहे हे कळते. बाबांनी त्याची एक प्रत मागितली आणि शेजाऱ्याने दोन.